आनंद आणि आशा लोकांना दिसावी म्हणून रोज काय करायचं? नवीन विश्वासणाऱ्यांसाठी

नुकताच बाप्तिस्मा झालाय किंवा नुकतंच प्रभूला ओळखलंय आणि आता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळे म्हणतात की तुझ्या जीवनातून आनंद दिसू दे, आशा दिसू दे, साक्ष दे. ऐकायला छान वाटतं पण सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही. मग आपण काय करतो, एकतर सारखं हसत राहायचा प्रयत्न करतो नाहीतर दिसेल त्याला बायबलमधली वचनं पाठवत सुटतो. मी दोन्ही केलंय, बरीच वर्षं. त्यातून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय. सगळं एकदम करायला जाऊ नका, एक एक पायरी घ्या.

पायरी १: आधी शब्द नीट समजून घ्या

आपण ज्याला मूड म्हणतो तो हा आनंद नाही. मूड झोपेवर, तब्येतीवर, कोणी काय बोललं त्यावर वरखाली होतो आणि तो होणारच. पवित्र शास्त्रातला आनंद कशावर उभा आहे ते बघायचं असेल तर फिलिप्पैकरांस पत्र उघडा. चारच अध्याय, १०४ वचनं. ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे, सुटका होईल की मरण येईल हे त्याला माहीत नाही, आणि तरी त्या एवढ्याशा पत्रात आनंद आणि आनंद करा हे शब्द पंधराएक वेळा येतात. पण त्याच पत्रात तो असंही लिहितो की त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारानं मरायला टेकला होता आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढे तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत लिहितोय. म्हणजे ज्या माणसानं सर्वदा आनंद करा असं लिहिलं त्याच माणसाच्या डोळ्यात त्याच पत्रात पाणी आहे. हे नवीन माणसानं पहिल्या आठवड्यातच वाचावं असं मला फार वाटतं, कारण नाहीतर आपण वर्षानुवर्षं समजतो की रडू आलं म्हणजे विश्वास कमी पडला.

आशेचंही तसंच. आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ना, आशा आहे की काम होईल, म्हणजे होईल किंवा नाही होणार. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिला जिवंत आशा म्हटलंय आणि कारण लगेच दिलंय, येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला म्हणून. म्हणजे आपली आशा ‘सगळं ठीक होईल’ या अंदाजावर नाही, घडून गेलेल्या गोष्टीवर आहे. हा फरक डोक्यात पक्का बसला नाही तर पुढे लोकांना आपण खोटी आश्वासनं देत बसतो, नोकरी नक्की मिळेल, रिपोर्ट नक्की नॉर्मल येईल, आणि नाही आला की त्या माणसाचा देवावरचा भरवसाही जातो. देवानं जे वचन दिलेलं नाही ते त्याच्या नावानं कुणाला देऊ नका.

पायरी २: सकाळी फोनच्या आधी दहा मिनिटं

ही पायरी छोटी आहे पण सोडू नका. जे आत नाही ते बाहेर दिसणार नाही, आणि ओढून ताणून दाखवलं तर लोकांना लगेच कळतं. एक महिना फक्त फिलिप्पैकरांस पत्र घ्या, रोज तीन चार वचनं, मोठ्यानं वाचा, मग ती वचनं घेऊनच प्रार्थना करा. एका वहीत रोज एक ओळ लिहा की काल देवानं काय केलं. ओळ छोटी असू दे, काल रागावर ताबा राहिला, काल बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली, एवढंसुद्धा चालतं. विलापगीत नावाचं पुस्तक आहे, उद्ध्वस्त झालेल्या शहरावर रडणारं, आणि त्याच्या बरोबर मधोमध येतं की देवाची दया रोज सकाळी नवी होते. लिहिणाऱ्यासमोर राखरांगोळी झालेलं शहर होतं आणि त्यानं ती आठवण स्वतःहून काढली. वहीतली ओळ म्हणजे तेच काम, मुद्दाम आठवण काढायची.

पायरी ३: खोटं हसू बंद करा

कसं काय विचारलं की ‘प्रभूच्या कृपेनं एकदम मजेत’ हे उत्तर आपल्या तोंडात बसलेलं असतं. खरंच मजेत असाल तर जरूर म्हणा. नसाल तर म्हणू नका. ‘हा आठवडा जड गेला, पण देव सोबत आहे हे मला माहितीय’ असं उत्तर देऊन बघा, समोरचा माणूस थांबतो, कारण त्याचाही आठवडा जड गेलेला असतो आणि त्याला पहिल्यांदा वाटतं की याच्याशी खरं बोलता येईल.

स्तोत्रसंहितेतली जवळजवळ तिसरा हिस्सा स्तोत्रं दुःखाची, तक्रारीची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधार या शब्दावरच संपतं, शेवटी सगळं छान झालं असंही नाही. देवानं ते आपल्या पुस्तकात ठेवलंय म्हणजे त्याच्यापुढे असं बोलायची परवानगी आहे. आणि ४२ व्या स्तोत्रात बघा, तो माणूस आपल्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. स्वतःशी असं बोलायची सवय मला फार उपयोगी पडलीय, विशेषतः रात्री झोप येत नाही तेव्हा.

पायरी ४: लोक कुठं बघतात ते ओळखा

पेत्राचं पहिलं पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा भाग. त्यातच ते प्रसिद्ध वचन आहे, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्यायला नेहमी तयार राहा, ३:१५. आता गंमत नाही, खरोखर इतिहासातली गोष्ट सांगतो. इ. स. ११२ च्या सुमारास त्याच बिथुनिया आणि पंत प्रांताचा रोमन अधिकारी होता प्लिनी. त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत त्याला काय सापडलं, तर ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत गातात आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेवायला दिलेली रक्कम मागितली तर नाही म्हणणार नाही.

मला या यादीतली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. पहाटे गाणं आणि दुपारी लोकांचे पैसे परत करणं, दोन्ही एकाच यादीत. त्यांना शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कागदावर हे लिहिलं गेलं.

तर आपल्या रोजच्या दिवसात लोक कुठं बघतात? उधार घेतलेलं परत करतो का. सांगितलेल्या वेळेला येतो का. चूक झाली की दुसऱ्यावर ढकलतो की ‘माझी चूक, सॉरी’ म्हणतो. जो माणूस तिथं हजर नाही त्याच्याबद्दल काय बोलतो. दुसऱ्याला प्रमोशन मिळालं की मनापासून अभिनंदन करतो का, ही तर फार मोठी परीक्षा आहे, शोक करणाऱ्याबरोबर शोक करणं एकवेळ जमतं पण आनंद करणाऱ्याबरोबर आनंद करणं तेव्हा कळतं किती अवघड असतं जेव्हा त्याला तेच मिळालेलं असतं ज्यासाठी आपण प्रार्थना करत होतो. आणि कुरकुर. फिलिप्पै २:१४ मध्ये कुरकुर न करता सगळं करा असं आहे आणि लगेच पुढे जगात ज्योतीसारखे दिसता असं आहे, म्हणजे पौलाच्या मते न कुरकुरणं हाच एक मोठा उजेड. आठवडाभर एकच प्रयोग करा, सगळे तक्रार करत असताना आपण त्यात भर घालायची नाही, उपदेश पण करायचा नाही, फक्त भर घालायची नाही. चौथ्या पाचव्या दिवशी कोणीतरी विचारतं की तुला टेन्शन नाही का.

पायरी ५: दुःखात असलेल्या माणसाकडे कसं जायचं

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि त्या चुका लोक विसरत नाहीत.

विश्वासात येऊन मला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बरोबर काम करणाऱ्या एकाची आई गेली. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो आणि दोन मिनिटांत म्हणालो की यामागे देवाची काहीतरी योजना असेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, उठून आत गेला. मला वाटलेलं मी आशा देतोय. प्रत्यक्षात मी त्याला सांगत होतो की तुझं रडणं लवकर आवर. नंतर मी माफी मागितली, त्यानं दिलीही, पण तो क्षण मला अजून आठवतो.

मग योहानाचा ११ वा अध्याय नीट वाचला. मेलेल्या लाजरला आपण उठवणार हे येशूला माहीत होतं, शिष्यांना त्यानं आधीच तसं सांगितलं होतं. तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला आणि बरोबरच्या लोकांना रडताना बघून तो रडला. पुढच्या काही मिनिटांत काय होणार हे ज्याला माहीत होतं तो रडायला थांबला, मग आपण कोण घाई करणारे. आणि मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बघा, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, एक शब्द नाही. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

म्हणून करायचं काय तर आधी जा. फोनवर मेसेज टाकून भागवू नका, शक्य असेल तर जा. गेल्यावर ऐका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल विचारा, लोक नाव घ्यायला घाबरतात आणि घरच्यांना नेमकं तेच हवं असतं. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका, कारण कोणी सांगत नाही, त्यापेक्षा ‘उद्या बँकेत जायचंय ना, मी येतो बरोबर’ असं एक ठरावीक काम उचला. प्रार्थना करायची असेल तर विचारा, ‘मी तुमच्यासाठी इथं प्रार्थना केली तर चालेल का?’ नाही म्हणाले तर मनापासून ठीक आहे म्हणा आणि घरी जाऊन करा. हो म्हणाले तर छोटी करा, साध्या भाषेत, त्यात उपदेश घुसवू नका, माणसाला डोळे मिटायला लावून त्याला भाषण देणं बरोबर नाही.

काय बोलू नये तेही सांगतो. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, हे नको. निदान त्रास तरी संपला, हे त्यांनी म्हणायचं असतं, आपण नाही. विश्वास असता तर बरे झाले असते, हे तर कधीच, कधीच नको.

आणि तारीख लिहून ठेवा. पहिल्या पंधरा दिवसांत घर भरलेलं असतं, तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं. वर्षाच्या दिवशी एक फोन करा. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. तो शोक करू नका असं म्हणत नाही. आपण इतरांसारखेच रडतो, फक्त आपल्याला माहीत असतं की थडगं शेवट नाही, आणि हे माहीत असलेला माणूस तिसऱ्या महिन्यातही शांतपणे शेजारी बसू शकतो, त्याला पळून जावंसं वाटत नाही.

पायरी ६: विचारलं तर काय सांगायचं

प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात आहेत, फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गात होते, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक एक बारीकशी गोष्ट नोंदवतो की बाकीचे बंदिवान ऐकत होते. मग भूकंप होतो, दारं उघडतात, तुरुंगाचा अधिकारी स्वतःला मारायला निघतो आणि पौल ओरडतो की थांब, आम्ही सगळे इथंच आहोत. प्रश्न त्यानंतर येतो आणि तो अधिकारी स्वतः विचारतो, तारण व्हायला मी काय करू. आनंदाचं ते पत्र पुढे याच शहरातल्या मंडळीला गेलं.

बहुतेक वेळा आपण प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतो. थोडा धीर धरा. पण प्रश्न आला आणि आपण गोंधळलो असंही नको, म्हणून आधी लिहून काढा. दोन मिनिटं पुरतात. आधी मी कसा होतो, प्रभूला कसं ओळखलं, आता काय बदललंय आणि काय अजून बदलायचंय. शेवटचा भाग गाळू नका, त्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसतो. उदाहरण देतो, म्हणजे अंदाज येईल.

‘मला पूर्वी उद्याची इतकी भीती वाटायची की रात्र रात्र जागा असायचो. एका मित्रानं येशूबद्दल सांगितलं, मी शुभवर्तमान वाचायला लागलो, आणि कळलं की ज्याला मी घाबरतोय त्या मरणावरही त्यानं विजय मिळवलाय आणि माझ्या पापांची क्षमा झालीय. भीती एका दिवसात गेली नाही, अजूनही येते कधी कधी, पण आता मी एकटा नसतो तिच्यासमोर.’

एवढंच. तारणप्राप्ती, नीतिमत्त्व, अभिषेक हे मंडळीतले शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, तिथं साधा शब्द वापरा. त्याच्या धर्माबद्दल, घरच्या श्रद्धेबद्दल एकही वाईट शब्द नको. पेत्रानं सौम्यता आणि आदर हे वचनातच घातलंय, ते ऐच्छिक नाही. बोलून झालं की थांबा, त्याला विषय बदलायचा असेल तर बदलू द्या. तुमच्या हाताखाली काम करणारा असेल किंवा तुमच्या मदतीवर अवलंबून असेल तर अजून जपून, त्याला नाही म्हणणं अवघड जातं हे लक्षात ठेवा आणि मदत कधीही या गोष्टीला बांधू नका. आणि प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल, जगात एवढं दुःख का वगैरे, तर माहीत नाही म्हणा, पाळकांना विचारतो म्हणा, आणि खरंच विचारून परत जा. परत जाणं महत्त्वाचं.

पायरी ७: फोनवर

थोडक्यात सांगतो. रोज पन्नास जणांना एकच वचन फॉरवर्ड करण्यापेक्षा एका माणसाला त्याचं नाव घालून दोन ओळी लिहा. ‘प्रार्थना करतोय’ असं लिहिण्याआधी तिथंच थांबून प्रार्थना करा, मग लिहा, नाहीतर ते खोटं ठरतं. वादात पडू नका. आणि कुणाच्या आजाराची, घरच्या अडचणीची गोष्ट प्रार्थना विनंती म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी त्याची परवानगी घ्या, ही चूक चांगल्या चांगल्या लोकांकडून होते.

पायरी ८: घर

घर सगळ्यात अवघड आहे. बाहेर आपण आठ तास चांगले राहू शकतो, घरात आपण जसे आहोत तसेच दिसतो. घरचे विश्वासात नसतील तर त्यांना आधीच भीती असते की हा आता आपला राहिला नाही. त्यांना वचनं ऐकवण्याआधी ही भीती जाऊ द्या. आधी जितका वेळ देत होता त्यापेक्षा जास्त द्या, आईबाबांची औषधं आणणं, बहिणीचा फोन उचलणं, भावाशी जुना अबोला असेल तर आपण पहिला फोन करणं. उपासनेला जाताना घरचं काम दुसऱ्यावर टाकून जाऊ नका, आधी उरका मग जा. पेत्रानं विश्वासात नसलेल्या नवऱ्यांबद्दल बायकांना लिहिलंय की ते शब्दावाचूनही जिंकले जातील, वागणूक बघून. शब्दावाचून, हे मला घरात सारखं आठवावं लागतं. चिडलात तर त्याच दिवशी माफी मागा, लहान मुलांचीसुद्धा. काही घरात वर्षं जातात, आणि त्या वर्षांत तुम्हाला वाटेल काहीच होत नाहीये. तरी औषधं आणत राहा.

पायरी ९: स्वतःच रिकामे झालात तर

असं होणार. एलीया संदेष्ट्याचं बघा, कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच पुढच्या अध्यायात, १ राजे १९, तो झाडाखाली पडून म्हणतोय की देवा, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला झापलं नाही. झोपू दिलं, दूतानं उठवून खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं नंतर.

म्हणून थकवा आला की आधी झोप आणि जेवण. उपासना चुकवू नका, गाता येत नसेल तर नुसतं बसा, बाकीचे गातील, तेवढ्यावर आपण त्या दिवशी टिकतो. पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोज राहिली, झोप भूक गेली, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरकडे जा, आणि मरायचे विचार येत असतील तर आजच, कुणाला तरी बरोबर घेऊन. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही, कोणी तसं म्हणालं तर त्याचं ऐकू नका. मंडळीत एक असा माणूस शोधून ठेवा ज्याला रात्री फोन करून ‘आज मला आशा वाटत नाहीये’ एवढं एक वाक्य बोलता येईल, आणि हे बरे दिवस चालू असतानाच शोधा, अडचणीत शोधायची ताकद नसते. आणि त्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी विनंत्या विचारल्या ना, तर दुसऱ्या कुणाचं नाव सांगू नका, स्वतःचं सांगा.